मॉडेल होऊं इच्छिणारी मुलगी व तिचे वडील

‘मला मॉडेल व्हावयाचें आहे,’ असें अकोटसारख्या गांवांतील सुशिक्षित घरांतही हल्लीं मुलगी म्हणते, आणि वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात. आमच्या मतें, आठ्या घालण्यापेक्षां तिला करार वाचावयास शिकविणें श्रेयस्कर होय. हा व्यवसाय आपल्या समाजास नवा नाहीं. धारवाडच्या ब्राह्मण कुटुंबांतील पदवीधर लीला चिटणीस 1941 सालींच लक्स साबणाच्या जाहिरातींत झळकल्या होत्या.

एजन्सी म्हणजे केवळ मध्यस्थ. बाजारांतील अडत्या माल विकल्यावर आपली अडत मिळवितो. विक्रीपूर्वींच पैसे मागणाऱ्याच्या दारीं कोणता शेतकरी गाडी सोडील? तोच न्याय येथें लावावा. काम मिळण्याआधीं नोंदणी किंवा पोर्टफोलिओ यांच्या नांवाखालीं मोठी रक्कम मागणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा.

दलालीचें प्रमाण, कराराची मुदत, आणि छायाचित्र कोठें व किती काळ वापरावयाचें, हें सर्व लेखी असावें. कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, उलट करार नसल्यास, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राची प्रथम मालकी काढविणाराची असते. ज्याचें मुख त्यांत दिसतें त्याची नव्हे. शिवाय, अज्ञानानें केलेला करार मुळांतच रद्दबातल होय, असें प्रिव्ही कौन्सिलनें 1903 सालींच ठरविलें आहे; तेव्हां 18 वर्षें पूर्ण न झालेल्या मुलीची सही घेण्याची घाई करणारा मनुष्य संशयास्पद समजावा.

म्हणून पहिल्या भेटीस वडिलांनीं स्वतः सोबत जावें. हट्टानें अडविलेली मुलगी एकटी जाते; आणि तेथें फसली, तर घरीं सांगावयास धजत नाहीं.