जुम्मा दरवाजावरचे पहारेकरी

फ्रँक हर्बर्ट यांच्या 1965 सालच्या 'ड्यून' या विज्ञानकादंबरीवरील चित्रपट 2021 व 2024 साली आले, आणि घरातील तरुण मंडळींच्या आग्रहामुळे मलाही ती कादंबरी वाचावी लागली. तीत वाळवंटी ग्रहावरील फ्रेमेन लोकांचे एक निवडक पथक आहे, फेदायकीन. हे नाव उघडच अरबी 'फिदाई'वरून घेतलेले. आपल्या 'फिदा होणे' या प्रयोगाचे मूळही तेच. त्यांचा सेनानी पॉल 'मुआद्दिब' या नावाने लढतो आणि हा मुआद्दिब नेमका कोण, याचा शत्रूला पत्ता नसतो. त्याच्यासाठी मरणे हेच या पथकाचे जीवित होऊन बसते.

कादंबरीच्या शेवटी जोडलेल्या शब्दसूचीत मात्र हर्बर्ट एक गोष्ट जाता जाता नोंदवतात. असे पथक पूर्वी एखाद्या अन्यायाच्या निवारणासाठी प्राण देण्याची शपथ घेणाऱ्यांचे असे. शपथ अन्यायाविरुद्ध होती. ती व्यक्तीची झाली कधी, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. 1969 सालच्या पुढील कादंबरीत या व्यक्तिनिष्ठेपायी अब्जावधी माणसे मेलेली आहेत.

हे वाचताना मला महालातला गांधी गेट आठवला. त्याचे जुने नाव जुम्मा दरवाजा. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत अरबांची पथके होती, आणि 26-27 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी झालेल्या लढाईत ती शर्थीने लढली. ज्यांच्यासाठी लढली ते आप्पासाहेब भोसले कसे होते? 1816 च्या मे महिन्यात इंग्रजांशी गुप्तपणे तैनाती तह करणारे, 1817 च्या फेब्रुवारीत परसोजीराजांच्या खुनाचा ठपका ज्यांच्यावर आला ते, आणि वरवर इंग्रजांचे मित्र म्हणवीत पेशव्यांशी आतून संधान बांधणारे. लढाई हरताच त्यांनी कळविले की, हल्ला आपल्या संमतीने झालाच नाही. टेकडीवर पडलेल्या माणसांचे मरण असे एका निरोपात बेवारस झाले.

16 डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत जाऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाले. अरब झाले नाहीत. त्यांनी शहर धरून ठेवले आणि 24 तारखेला जुम्मा दरवाजावर चालून आलेल्या इंग्रज फौजेस परतवून लावले. मग स्वतःच्या अटी घालून, बायकामुले व चीजवस्तू यांच्या सुरक्षिततेची हमी घेऊन, महिनाअखेर ते बाहेर पडले. इतिहासकार त्यांना 'भाडोत्री' म्हणून निकालात काढतात. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला हा शब्द तितकासा अपमानास्पद वाटत नाही. करार करणाऱ्याला निदान आपले देणे-घेणे ठाऊक असते. मालकाने पाठ फिरविल्यावर हे लोक त्याच्या नावाने रडत बसले नाहीत, वाटाघाटीला बसले.

आपल्या निष्ठावंत कार्यकर्त्याच्या हाती असा कोणताच करार नसतो. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. नेते रातोरात सुरत-गुवाहाटीस गेले, शपथविधी उरकले. आणि गावोगावचा जो कार्यकर्ता काल ज्यांच्यासाठी डोकी फोडून घेत होता, त्याच्याकडून निष्ठेची प्रतिज्ञापत्रे लिहून घेण्यात आली. नेत्याकडून लिहून घेण्याची कल्पना कोणालाही सुचली नाही!

या बाबतीत आपण समाजवाद्यांनी फार वर मान करून बोलू नये. 1955 साली प्रजासमाजवादी पक्ष फुटला तेव्हा धोरणाचे प्रश्न खरे होते. तरी शाखांमधून माणसे 'लोहियांची' आणि 'अशोक मेहतांची' अशीच मोजली गेली. पुढे 1964 साली मेहता काँग्रेसमध्ये गेले आणि 'मेहतांची' म्हणवणारी कितीतरी माणसे चौकात उभीच राहिली.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या पक्षाच्या उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी तालुका शाखेपुढे लेखी वचन द्यावे: जाहीरनाम्यातील कोणत्या मागण्या सोडणार नाही, आणि सोडल्यास किती दिवसांत राजीनामा देईन. वचनाखाली सही उमेदवाराची असावी. कार्यकर्त्याने फक्त साक्षीदार म्हणून सही करावी. न्यायालयात असा कागद टिकणार नाही, हे मी जाणतो. शाखेच्या भिंतीवर तो टिकेल. नागपूर शाखेने येत्या अधिवेशनात हा ठराव मांडावा. अनुमोदन द्यावयास मी येईन.