दुचाकीचे दुखणे ओळखताना
चढावर दुचाकीची ओढ कमी झाली, पेट्रोल अधिक लागू लागले, की ‘इंजिन उघडावे लागेल’ असा निर्णय घाईने दिला जातो आणि घरखर्चावर अकारण भार पडतो. वस्तुतः आरंभ सोप्या तपासणीने करावा. चाक अधांतरी फिरवून ब्रेक घासत नाही ना, हे पाहावे. इंजिनाचा आवाज चढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत असण्याचा संभव अधिक.

त्यानंतर इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढून त्याचे टोक न्याहाळावे. फिकट तपकिरी रंग हे योग्य ज्वलनाचे लक्षण. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोलाच्या मानाने हवा अपुरी पडते. बहुधा एअर फिल्टर तुंबलेला असतो. पांढुरके टोक पेट्रोल अपुरे व उष्णता अधिक असल्याचे सुचविते. याकडे दुर्लक्ष केल्यास पिस्टनलाही इजा पोहोचते. प्लग तेलकट आणि धूर निळसर असेल, तर मात्र पिस्टन रिंग अथवा व्हॉल्व्हची सील झिजलेली असू शकते. अशा वेळी इंजिन उघडण्याचा खर्च टाळणे हिताचे नव्हे.