चुकायचे ते खोट्या यंत्रावर

ओलिताचे दिवस आले की बाभुळगाव तालुक्यात पानठेल्यावर एकच विषय असतो, तो म्हणजे लाईन. किती वाजता आली, किती वाजता गेली आणि कोणाच्या वावराजवळची डीपी उडाली. पण ही लाईन जिथे तयार होते तिथली माणसे कशी तयार होतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात आपल्याही कामाचा धडा आहे.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला एकेक मोठा संच ५०० मेगावॅटचा. वाफ ५४० अंशांच्या आसपास तापलेली, टर्बाईनचे मिनिटाला ३००० फेरे. बॉयलरच्या ड्रममधले पाणी फार खाली गेले तर नळ्या जळतात. फार चढले तर ते वाफेसोबत टर्बाईनमध्ये घुसून नुकसान करते. अशा वेळी ऑपरेटरजवळ विचाराला वेळ नसतो. बरे, मोठा बिघाड काही रोज होत नाही. मग त्याचा सराव करावा कोठे? चालू संच मुद्दाम बिघडवून तर कोणी शिकवणार नाही.

त्यासाठी सिम्युलेटर असतो. कंट्रोल रूम हुबेहूब खऱ्यासारखी, तेच पडदे, तीच बटणे, त्याच घंटा. मागे मात्र बॉयलर नाही, संगणक. प्रशिक्षक गुपचूप एखादा पंप बंद पाडतो, नाहीतर भट्टीतली ज्योत विझवतो. शिकणारा चुकला तर संच बंद पडतो, पण नुकसान कवडीचे नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कोराडीच्या महानिर्मितीच्या प्रशिक्षण केंद्रात असा सराव होतो, म्हणजे हे आपल्यापासून फार दूर नाही.

कोणी म्हणेल, "खोट्या बैलावर वखर शिकून होते काय बाप्पा?" खरे आहे, नुसते त्यावर भागत नाही, जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली वर्षे काढावीच लागतात. पण सराव नसला तर काय होते, हे अमेरिकेतील थ्री माईल आयलंडच्या अणुवीज केंद्राने २८ मार्च १९७९ रोजी दाखवले. एक झडप उघडीच अडकली. पॅनेलवरच्या दिव्यावरून ती बंद झाली असे वाटले. काही मिनिटांत शंभरावर धोक्याच्या सूचना आल्या. पाणी जास्त झाले या समजुतीने ऑपरेटरांनी येणारे पाणी कमी केले आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला. माणसे अडाणी नव्हती. तो प्रसंग त्यांच्या सरावातला नव्हता. चौकशी आयोगानेही प्रशिक्षणातल्या उणिवेवर बोट ठेवले.

आता आपल्या डीपीकडे या. तिथे खोटे यंत्र नाही. रात्री फ्यूज गेला, पऱ्हाटी नाहीतर हरभरा सुकत असला की गावातला एखादा पोट्टा काठी घेऊन निघतो. त्याचा पहिला सराव ११ हजार व्होल्टच्या खालीच होतो! खालचा स्विच पाडला तरी वरच्या तारा जिवंत असतात, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. ऑपरेटर चुकला तर सिम्युलेटर त्याला दुसरी संधी देतो. या पोराला ती मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कृषी खाते प्रात्यक्षिकाचा प्लॉट करते, तशी तालुक्याच्या ठिकाणी महावितरणने सरावाची एक डीपी उभी करावी. खांब खरे, तारा खऱ्या, फक्त करंट नाही. नव्या लाईनमनने आणि कंत्राटी पोरांनी आधी तिथे हात बसवावा: परमिट घेणे, लाईन बंद करणे, तपासणे, अर्थिंग करणे आणि मगच तारेला हात लावणे. ओलिताच्या आधी शेतकऱ्यांनाही ते दाखवावे. ते शिकून स्वतः चढण्यासाठी नव्हे, तर का चढू नये हे कळण्यासाठी. खर्च संगणकाच्या सिम्युलेटरच्या पासंगालाही पुरणार नाही.

तोवर शेतकरी बंधूंनी एवढे पाळावे: डीपीला हात लावू नये, लाईनमनला बोलवावे. एक पाळी चुकली तर पीक थोडे मार खाईल. पण माणूस गेला तर त्या घराचे ओलित कायमचेच बंद होते.