पोरांना शिकवा म्हणतो, पण आईबापांना सावरणार कोण?



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. वेळापूरजवळच्या एका वस्तीतला बाप संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसला. गवंडीकाम करणारा माणूस. पाणी प्यायला आणि पाच मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, आज पोराला पट्ट्यानं मारलं. सतरा वर्षाचं पोरगं हाय. त्यानं हात बी वर केला नाय, नुसतं बघत राहिलं माझ्याकडं. मला त्याच्या बघण्याची भीती वाटाय लागलीया."

पोरगा लातूरला नीटच्या क्लासला होता. त्यासाठी बचतगटाचं कर्ज काढलेलं, आईच्या कानातलं गहाण पडलेलं. दुसऱ्यांदाही मार्क कमी पडले. परत आल्यापासून तो खोलीचं दार लावून पडून राहायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. आईला वाटलं, कुणीतरी करणी केली. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, तरी ती माउली गुपचूप देवरुष्याकडे जाऊन आली. बापाला वाटलं, पोरगं माजलंय. पोरगं आजारी असेल असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. आपण दोघंही पार थकलोय, आपल्यालाही कुणाच्या तरी मदतीची गरज आहे, हे तर मनातही आलं नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

या घटनेनंतर मी जो विषय चळवळीच्या बैठकीत मांडते आहे, त्यावर हमखास एक प्रतिक्रिया येते. "थेरपी, समुपदेशन ही पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांची फॅडं. आपल्या आज्यांनी आठ-आठ लेकरं वाढवली, कुठं गेल्या होत्या थेरपीला?" माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पालकांना मानसिक आधाराची सर्वात जास्त गरज आपल्याच समाजाला आहे, आणि तो आधार मिळवणं हा आपल्या हक्काचा प्रश्न आहे. का, ते सांगते.

आपल्या पालकत्वावर दुहेरी ओझं आहे

लेकरू वाढवताना प्रत्येक आईबाप दमतात. पण आपल्या आईबापांवर आणखी एक ओझं असतं, ज्याचा उल्लेख पालकत्वावरच्या गुळगुळीत पुस्तकांत सापडत नाही. सहा-सात वर्षांचं लेकरू शाळेतून येतं आणि विचारतं, "आई, आपण कोण? ती मुलगी म्हणाली तुमच्यात डबा खायचा नाही." या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? खरं सांगितलं तर लेकरू घाबरेल, लपवलं तर पुढे एकटं पडेल. बऱ्याच घरांत उत्तर मिळतच नाही. "गप बस, अभ्यास कर," एवढंच मिळतं.

आणि अभ्यास तरी कुणासाठी? एका पोराच्या निकालावर अख्ख्या घराची, कधी अख्ख्या वस्तीची इज्जत टांगलेली असते. आपण रामजीबाबांची गोष्ट अभिमानाने सांगतो. परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीत त्यांनी भीमाला पहाटे दोनला अभ्यासाला उठवलं, पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून आणून गहाण ठेवले. पण या गोष्टीतला दागिना आपल्या लक्षात राहतो, आणि मुलासाठी स्वतः जागणारा बाप विसरला जातो. मग आपण लेकराला म्हणतो, "तुझ्यासाठी कानातलं गहाण टाकलं." लेकराला ते कर्जाच्या नोटिशीसारखं ऐकू येतं.

बाप मुकादमाच्या शिव्या ऐकून, पाटलाच्या वाड्यावर मान खाली घालून घरी येतो. तो राग मुकादमावर काढता येत नाही. तो उतरतो बायकोवर, आणि दोघांचा मिळून पोरावर. समाजशास्त्र शिकताना आम्ही जातीची उतरंड फळ्यावर काढायचो. वस्तीत काम करायला लागल्यावर दिसलं की तिची शेवटची पायरी घराच्या आत असते आणि त्या पायरीवर लेकरू उभं असतं.

मीही याला अपवाद नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या घरचे प्रश्न सोडवून घरी आले आणि पाढे चुकले म्हणून माझ्या लेकीच्या पाठीत धपाटा घातला, असं घडलं आहे. तिने दुसऱ्या दिवशी तिच्या बाहुलीला तसाच धपाटा घातला. तेव्हा मी स्वतः समुपदेशकाकडे गेले. सांगायला लाज वाटत नाही.

थेरपीत नक्की होतं काय?

अनेकांना वाटतं, तिथे खुर्चीवर बसवून उपदेश करतात. उपदेश करायला नातेवाईक पुरेसे आहेत. थेरपीत आधी ऐकून घेतात. मग घटना, तिच्यावर मनात आलेला विचार, त्यातून आलेला राग आणि शेवटी उगारलेला हात, या चार गोष्टी सुट्या करून दाखवतात. पाढा चुकला ही घटना. "हिचं पण माझ्यासारखंच वाटोळं होणार" हा विचार. हात त्या विचाराने उचलला जातो, पाढ्याने नाही. हे एकदा दिसलं की मध्ये थांबायला जागा मिळते.

पालकांना शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. रोज दहा मिनिटं लेकराच्या मनाप्रमाणे त्याच्याशी खेळणं, त्यात सूचना नाही आणि परीक्षा नाही. "शहाणा आहेस" असं मोघम न म्हणता "दप्तर स्वतः भरलंस, बरं वाटलं" असं नेमकं कौतुक करणं. एका वेळी एकच सूचना, ओरडल्याशिवाय देणं. वयात आलेल्या मुलाच्या बाबतीत आधी ऐकणं आणि नंतर बोलणं. "जीव द्यावासा वाटतो का?" हे मुलाला सरळ विचारल्याने त्याच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते.

कधी प्रश्न वेगळाच निघतो. ज्याला आपण 'ढ' म्हणून बडवतो, त्या मुलाला अक्षरं ओळखण्याचीच अडचण असते. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, आणि दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळतात. आपल्या किती पालकांना हे माहीत आहे? माहिती नसल्यामुळे लेकराला मार खावा लागतो, वर शाळा सुटते ती वेगळीच.

"व्यवस्था आजारी आहे, आम्ही नाही"

हा आपल्या कार्यकर्त्यांचा आक्षेप आणि तो हलका नाही. रोहित वेमुला 2016 मध्ये गेला, डॉ. पायल तडवी 2019 मध्ये गेली. त्यांच्या मृत्यूला 'नैराश्य' असं नाव देऊन जातीचा प्रश्न झाकायचे प्रयत्न झाले. म्हणून मानसिक आरोग्य म्हटलं की आपल्या पोरांना संशय येतो. तो यायलाच हवा. जातीचा अपमान सांगितल्यावर "तुम्ही फार मनाला लावून घेता" म्हणणारा समुपदेशक आपल्या कामाचा नाही.

पण चुकीचा डॉक्टर भेटला म्हणून आपण औषध सोडत नाही, डॉक्टर बदलतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी काय केलं पाहा. 1940 च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने काळ्या मुलांसमोर काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. वंशभेद लेकराच्या मनात किती लवकर शिरतो याचा तो पुरावा होता, आणि शाळांमधली वेगळी व्यवस्था बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या निकालात त्याचा आधार घेतला गेला. मन समजून घेतल्याने लढा मवाळ झाला नाही, लढ्याला पुरावा मिळाला.

1966 मध्ये तिथे ब्लॅक पँथर उभी राहिली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्याला पाठ आहे. पण दोन वर्षांनी, 1968 मध्ये, तिथल्या काळ्या मानसशास्त्रज्ञांनी गोऱ्यांच्या संघटनेपासून वेगळी स्वतःची संघटना काढली, हे आपण कधी वाचलं? आपण त्यांच्याकडून पँथर आणली, मानसशास्त्रज्ञ आणायचे राहून गेले. आता द ब्लू डॉनसारखे आपल्या तरुणांचे गट या कामाला लागले आहेत. पण ते काम अजून इंग्रजी आणि मोठ्या शहरांच्या आसपास आहे. माळशिरस तालुक्यातल्या आईपर्यंत ते पोचलेलं नाही.

राहिला दुबळेपणाचा मुद्दा. जुलै 1926 मध्ये राजरत्न गेला. बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरं गमावली. ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेलं पत्र वाचा. महामानव म्हणून नाही, खचलेला बाप म्हणून त्यांनी ते लिहिलं आहे. दुःख लपवलेलं नाही. पुढच्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला. मित्रापाशी मन मोकळं केल्याने ते दुबळे झाले नाहीत, मग आपण कसे होऊ?

बुद्धाचंही तेच. राहुल लहान असताना खोटं बोलण्याविषयी तथागतांनी त्याला काठीने शिकवलं नाही. भांड्यातलं उरलेलं पाणी दाखवून, आरशाचं उदाहरण देऊन शिकवलं. सिगालोवाद सुत्तात मुलांनी आईबापांसाठी काय करावं हे आहे, तसंच आईबापांनी मुलांसाठी काय करावं हेही आहे. वर्षावासात आपण पहिला भाग वाचतो. दुसरा भागही वाचूया.

पैसे नाहीत, डॉक्टर नाहीत, मग?

वेळापूरहून सोलापूर शंभरेक किलोमीटर. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार, वर एसटीचं भाडं आणि फी. ही अडचण खरी आहे. पण उपाय जगाने शोधलेले आहेत आणि ते गरिबांमध्येच शोधले आहेत.

पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तिथल्या 'लेडी हेल्थ वर्कर', म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या बायका, घरी जाऊन त्यांच्याशी ठरवलेल्या पद्धतीने बोलायच्या. 2008 मध्ये निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यात 23 टक्के माता नैराश्यात होत्या, ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात 53 टक्के. हीच पद्धत पुढे गोव्यात 280 स्त्रियांबरोबर वापरली गेली, तिथे तर साध्या शेजारणींना प्रशिक्षण दिलं होतं. झिंबाब्वेच्या हरारे शहरात दवाखान्याबाहेर एक बाक ठेवतात आणि त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी बसते. ज्याला मन मोकळं करायचं तो तिच्याशेजारी येऊन बसतो. आपल्या विहाराच्या पायरीवर बसणाऱ्या उपासिका आजीला हे जमणार नाही असं कोण म्हणेल?

म्हणून माझ्या मागण्या अशा:

1. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवं. सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा त्यात प्रत्येकाचा हक्क आहे, आणि जातीवरून भेदभाव करता येणार नाही असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना उपचार मोफत आहेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक कोणत्या वारी बसतो, हे माहिती अधिकारात विचारा. बसत नसेल तर निवेदन द्या. रस्त्यासाठी देतो, तसंच याच्यासाठी.

2. बार्टीने समतादूतांना प्राथमिक समुपदेशनाचं प्रशिक्षण द्यावं. ते गावोगावी फिरतातच. स्पर्धा परीक्षेच्या वर्गांसोबत पालकांचे वर्गही घ्यावेत.

3. प्रत्येक विहारात महिन्यातून एकदा, वंदनेनंतर, पालकसभा. भाषण नको, गोल करून बसायचं. तिथे बोललेलं वस्तीत फुटणार नाही, हा नियम पंचशीलाइतकाच कडक हवा.

4. बापांना आणा. आजवरच्या माझ्या सभांना आयाच येतात. मारतात दोघं आणि शिकायला येते एकटी आई, हे चालणार नाही.

5. आपल्या एमएसडब्ल्यू आणि मानसशास्त्राच्या पदवीधरांनी निदान काही वर्षं तालुक्यात काम करावं. मराठीत, आपल्या बोलीत बोलणारा समुपदेशक हवा आहे.

तोवर 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. दोन्ही नंबर विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

त्या गवंड्याच्या घराचं काय झालं, हे सांगायला हवं. पोराला सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. आईबापांना चार वेळा समुपदेशनाला बसवलं. पहिल्या वेळी बाप भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिसऱ्या वेळी तो बोलला, स्वतःच्या बापाने त्याला बैल बांधायच्या दाव्याने मारलं होतं त्याविषयी. बोलताना रडला. पोराने बापाला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

पोरगं डॉक्टर झालेलं नाही. सध्या अकलूजला बीएस्सीला जातंय. कर्ज अजून फिटायचं आहे, घरात भांडणंही होतात. पण खोलीचं दार उघडं असतं. मागच्या महिन्यात बाप विहारातल्या पालकसभेला आला, आणि येताना शेजारच्या दोघांना घेऊन आला.

आपल्या पिढ्यांनी बाहेरची गुलामी तोडायला रक्त आटवलं. त्या गुलामीने घरात सोडलेला पट्टा आता आपणच खुंटीवरून उतरवायचा आहे. तुमच्या गावात पालकसभा सुरू करायची असेल तर कळवा. मी येते.

जय भीम! नमो बुद्धाय!