'जेव्हा की' म्हणजे नेमके केव्हा?

आपल्या सभेच्या निबंध स्पर्धेचे परीक्षण यंदा माझ्याकडे होते. विषय नेहमीचाच, 'माझे शहर, माझी भाषा'. मुलांनी मनापासून लिहिले होते. पण एक वाक्य मला पुन्हा पुन्हा भेटत राहिले. "इंदुरात मराठी माणसे पुष्कळ आहेत, जेव्हा की मराठी वाचणारे थोडे आहेत." कोणी 'जेव्हा की' लिहिले होते, तर कोणी नुसतेच 'जेव्हा'. मी तेथे लाल रेघ ओढली. बक्षीस समारंभानंतर इंग्रजी शिकविणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांनी मला हसत हसत गाठले. म्हणाले, "काका, इंग्रजीत 'व्हाइल' चालते, हिंदीत 'जबकि' चालते, मग मराठीत 'जेव्हा की' का चालू नये? भाषा वाहती असते."

त्या घाईगर्दीत मी काही बोललो नाही. आता बोलतो. प्रश्न एका अव्ययाचा नाही, अर्थाचा आहे, आणि त्या अर्थावर कधी कधी कोणाची तरी भाकरी अवलंबून असते.

आधी इंग्रजीचे पाहू. 'व्हाइल' हा शब्द मुळात नाम. त्याचा अर्थ काही वेळ, काही काळ. त्यावरून 'ज्या काळात' या अर्थाचे अव्यय झाले आणि पुढे त्याच अव्ययाने दोन गोष्टींतील विरोधही दाखविला जाऊ लागला. यात नवल नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडताना दिसल्या की त्यांची तुलना मनात आपोआप होते. एक भाऊ राबतो आहे आणि त्याच वेळी दुसरा निजला आहे, एवढे सांगितले की निंदा न बोलता होऊन जाते. म्हणून इंग्रजीत कालवाचक उपवाक्य विरोधाच्या कामी लागते. 'व्हेन'चेही तसेच. मुलाने अभ्यास करायला हवा होता त्या वेळी तो खेळत होता, असे सांगताना इंग्रजी 'व्हेन' वापरते. पण तेथे घड्याळातली वेळ सांगायची नसते, काय घडायला हवे होते आणि काय घडले यांतली तफावत दाखवायची असते.

ही सोय इंग्रजीलाही निर्धास्तपणे पचलेली नाही. कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली आपल्या छोट्या लेखनपुस्तिकेत 'व्हाइल'चा सैल वापर टाळावा आणि शक्यतो तो काळापुरता ठेवावा असा सल्ला दिला होता. इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी तो पुरता मानला नाही, तो भाग वेगळा. पण ज्यांची ही भाषा त्यांनाही या शब्दापाशी थबकावेसे वाटले. आपण मात्र न थबकता त्याचे भाषांतर करतो.

त्याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे, आणि त्यात माझाही दोष आहे. नव्वदच्या दशकात मी मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत निमाडात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या एका तहसिलीत होतो. एका विधवा बाईचे नामांतरणाचे प्रकरण पुढे आले. कागदांत एक जुना इंग्रजी निवाडा होता. त्यात बाई जमीन कसत होती, 'व्हाइल' तिचा दीर मुंबईला गिरणीत नोकरी करीत होता, अशा आशयाचे वाक्य होते. कचेरीत त्याचे हिंदी भाषांतर झाले. 'जबकि' हवे होते तेथे 'जब' पडले. एक अक्षर गळले आणि वाक्याचा अर्थ असा झाला की दीर मुंबईला होता तेवढ्या काळापुरतीच बाई जमीन कसत होती. दिराच्या मुलांनी नेमके तेच धरले. आमचे वडील परत आले, तेव्हा काकूचा कब्जा संपला, असे त्यांचे म्हणणे. त्या भाषांतरावर माझी सही होती. मूळ निवाडा मी वाचला नव्हता.

बाई हेलपाटे घालून थकली. अखेर एकदा ती मराठीत मला म्हणाली, "साहेब, तो होता मुंबईला, मी तर इथंच होते. त्याच्या आधी आणि त्याच्या नंतरबी." त्या 'तर'ने मी दचकलो. मूळ निवाडा मागविला. पुढच्याच परिच्छेदात बाईची वहिवाट अखंड असल्याचे स्वच्छ लिहिले होते. भाषांतर दुरुस्त करून वरिष्ठांकडे नवा अहवाल पाठविला आणि नोंद बाईच्या नावे झाली. मधले दीड वर्ष मात्र तिला कोणी परत दिले नाही. इंग्रजी शिकलेल्या आम्हा मंडळींना जो भेद दिसला नाही, तो त्या निरक्षर बाईने 'तर' या दोन अक्षरांत दाखविला.

आता प्राध्यापक महाशयांच्या म्हणण्याकडे वळतो. भाषा वाहती असते हे मला मान्य आहे. मल्हारराव होळकरांच्या काळापासून माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला ते कोणी शिकवायला नको. 'अर्ज', 'तारीख', 'जमीन' हे बाहेरून आलेले शब्द आपण घरचे केले. 'टेबल' आणि 'स्टेशन'ही केले. त्यांबद्दल माझी तक्रार नाही. हिंदीतल्या 'जबकि'बद्दलही नाही. तो हिंदीत शुद्ध आणि उपयुक्त शब्द आहे आणि नोकरीभर मी तो लिहीत आलो. पण नाम उसने घेणे वेगळे आणि वाक्याचा सांधा उसना घेणे वेगळे. मराठीत 'जेव्हा' आला की कान 'तेव्हा'ची वाट पाहतो. 'जेव्हा की'च्या वाक्यात तो 'तेव्हा' येतच नाही. वाचणाऱ्याला वेळ सांगितली जाणार असे वाटते आणि मिळतो विरोध. यात भाषेचे वाहणे कोठे आले?

दुसरा आक्षेप असा की, इंग्रजी आणि हिंदी काळावरून विरोध दाखवितात, तर मराठीने का दाखवू नये? मराठी दाखवितेच, फक्त स्वतःच्या नियमाने. "नळाला पाणी असताना विहिरीवर कशाला जाता?" यातला 'असताना' रूपाने कालवाचकच आहे, पण बोलणारा वेळ सांगत नाही, विसंगती दाखवितो. मात्र जेथे अपेक्षेचा भंग होतो तेथेच हा 'असताना' शोभतो. नुसत्या तुलनेला तो चालत नाही. इंदूर माळव्यात आहे आणि बऱ्हाणपूर निमाडात, हे सांगताना इंग्रजी खुशाल 'व्हाइल' वापरील. पण "इंदूर माळव्यात असताना बऱ्हाणपूर निमाडात आहे" हे वाक्य कोणत्याही मराठी घरात हसण्यावारी नेले जाईल. तेथे हवा 'तर': "इंदूर माळव्यात आहे, तर बऱ्हाणपूर निमाडात." म्हणजे इंग्रजी जे काम एका शब्दावर भागविते, त्यात मराठी दोन अर्थ वेगळे राखते. हा भेद आपण 'जेव्हा की'च्या पायी घालवायला निघालो आहोत.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, पण मनात असतो: मराठीत तशी सोयच नाही. याला काय म्हणावे? 'तर' आहे, 'मात्र' आहे, 'उलट' आहे, 'असूनही' आहे. 'पण', 'परंतु' यांना तर आपल्या व्याकरणाने न्यूनत्वबोधक असे नेमके नाव दिले आहे. अभ्यासाच्या वेळी खेळणाऱ्या मुलाविषयी आपली आजी काय म्हणायची? "अभ्यास करायचा सोडून खेळतोय." त्या एका 'सोडून'मध्ये इंग्रजी 'व्हेन'चे सारे काम झाले, शिवाय रागही आला. आणि म्हणींना तर अव्यय लागतच नाही. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" यात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, बस्स. सोय नाही असे नाही. सोय घरात आहे आणि आपण ती शेजाऱ्याकडे मागत फिरतो आहोत.

हा रोग फक्त आपल्या बृहन्महाराष्ट्रातल्या मराठीचा आहे, असे समजून पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी समाधान मानू नये. आपल्याकडे 'जेव्हा की' हिंदीच्या दाराने आला. तिकडे तो भाषांतरित बातम्यांतून आणि वाहिन्यांच्या निवेदनांतून येताना दिसतो.

इंग्रजी शिकविणाऱ्यांना मी दोष देतो तो एवढाच. 'व्हाइल' म्हणजे 'जेव्हा' असे एकच उत्तर मुलांना पाठ करायला देऊ नका. त्यांना साधी पारख शिकवा. दोन्ही उपवाक्यांची अदलाबदल करून पाहा. "थोरला शेती करतो, तर धाकटा नोकरी" हे उलटवून "धाकटा नोकरी करतो, तर थोरला शेती" असे केले तरी अर्थ बिघडत नाही. म्हणजे तेथे विरोध आहे. "मी स्वयंपाक करीत होते तेव्हा दिवे गेले" हे उलटवून "दिवे गेले तेव्हा मी स्वयंपाक करीत होते" असे केले, तर तथ्य तेच राहते, पण सांगण्याचा रोख बदलतो. पहिले वाक्य दिव्यांची बातमी देते, दुसरे माझी. म्हणजे तेथे काळ आहे. 'व्हाइल'च्या जागी 'व्हेअरअ‍ॅज' घालूनही पाहावे. अर्थ टिकला तर मराठीत 'जेव्हा'ला तेथे जागा नाही. एवढे शिकवायला एक तास पुरे. त्याने मुलांचे इंग्रजीही सुधारेल.

पुढील वर्षीही परीक्षण माझ्याकडे आले, तर 'जेव्हा की'खाली मी लाल रेघ ओढणारच. मात्र या वेळी समासात 'तर' लिहून ठेवीन. यंदा नुसती रेघ ओढून मुलांना कारण सांगितले नाही, ही माझी चूक झाली. न वाचता सही करण्याच्या त्या जुन्या चुकीपेक्षा ती फार वेगळी नाही.