शापाचा सातबारा

स्वस्त भयपटांविषयी बोलताना आपली समीक्षा दोनच सूर लावते. पहिला सूर तिरस्काराचा. रबरी मुखवटा, लाल रंगाचे रक्त, कण्हणारी दारे आणि मधूनमधून पेरलेले अंगप्रदर्शन ह्यांची यादी वाचून दाखवली की निकाल लागला. दुसरा सूर अलीकडचा आहे आणि तो कौतुकाचा आहे. ज्या चित्रपटांची काल हेटाळणी झाली तेच आज ‘पंथीय’ ठरले असून त्यांच्या ओबडधोबडपणावर लाडिक प्रेम करणे हे सुशिक्षित अभिरुचीचे लक्षण मानले जाते. हे दोन्ही सूर वरकरणी परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोघांचेही लक्ष मुखवट्यावरच खिळलेले असते. मुखवट्यामागे जी गोष्ट सांगितली जाते ती कोणाच्या बाजूची आहे, हा प्रश्न दोघांपैकी कोणीही विचारलेला नाही. तो विचारल्याशिवाय ह्या चित्रपटांचे मूल्यमापन होऊ शकत नाही, आणि विचारला तर त्यांच्यावरचा खरा आक्षेप खर्चाच्या तुटपुंजेपणाहून फार गंभीर आहे, असे आमचे म्हणणे आहे.

उदाहरण म्हणून तुलसी आणि श्याम रामसे ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘पुराना मंदिर’ (१९८४) घ्यावा. त्या वर्षी तो देशभर तुफान चालला. कथा अशी : दोनशे वर्षांपूर्वी विजापूरच्या राजा हरिमानसिंहाच्या हातात सामरी नावाचा नराधम सापडतो. त्याच्या अघोरी अपराधांचा पाढा वाचला जातो आणि त्याला शिरच्छेदाची शिक्षा होते. शीर हवेलीत पेटीबंद करून ठेवायचे आणि धड दूर मंदिराच्या परिसरात पुरायचे, असे ठरते. मरण्यापूर्वी सामरी शाप देतो, की राजाच्या घराण्यातील प्रत्येक स्त्री प्रसूतीत मरेल आणि शीर-धड एकत्र आले की तो उठून अवघ्या वंशाचा नाश करील. आजच्या काळातले ठाकूर रणवीरसिंह ह्या शापाच्या भयाने आपली मुलगी सुमन हिच्या प्रेमाला विरोध करतात. मग तरुण मंडळी विजापूरच्या हवेलीत जातात, पेटी उघडते, सामरी उठतो. अखेरीस तो भस्मसात होतो, शाप फिटतो आणि लग्नाचा मार्ग मोकळा होतो.

ह्या चित्रपटाच्या गरिबीविषयी आमची तक्रार नाही. रामसे घराण्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती गरिबी हास्यास्पद वाटणार नाही. फत्तेचंद रामसिंघानी ह्यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि पुढे चित्रपटनिर्मितीत शिरले. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हा त्यांचा चित्रपट पडला. पण भयंकर मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर ह्यांचा त्यातील चोरीचा एक प्रसंग तेवढा प्रेक्षकांनी उचलून धरला. त्या एका प्रसंगाच्या अनुभवावरून ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) उभा राहिला. सात भावांनी लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे आपसांत वाटून घेतली. एकत्र कुटुंबाच्या श्रमावर चाललेला असा कारखाना आपल्या चित्रपटसृष्टीत विरळा. कमी पैशात अंधार उभा करता येतो, कारण अंधाराला नेपथ्य लागत नाही. तेव्हा स्वस्तपणा हा दोष नव्हे. फाळणीत आपले घरदार मागे टाकून आलेल्या कुटुंबाने ओसाड हवेल्यांच्या गोष्टी सांगाव्यात, ह्यात तर एक करुण संगती आहे.

दोष गोष्टीच्या नैतिक रचनेत आहे. वारशाने आलेले भूत म्हणजे काय? पूर्वजांनी केलेल्या आणि न फेडलेल्या एखाद्या कृत्याने वंशजाच्या दारात येऊन उभे राहणे. ही कल्पना मुळात हिशेबाची आहे. म्हणूनच ती अंगावर काटा आणते. ‘पुराना मंदिर’ने मात्र ह्या हिशेबातील देण्याची बाजूच कोरी ठेवली आहे. सामरी हा निखळ दुष्ट असल्याने राजा निखळ निर्दोष ठरतो. त्याने न्याय केला आणि त्याबद्दल त्याच्या वंशाला सजा मिळाली! हवेली कोणाच्या घामावर उभी राहिली, तिच्या तळघरात सामरीच्या शिराखेरीज आणखी काय काय पुरलेले असेल, ह्याची चौकशी कथेला करावीशी वाटत नाही. विजापूर हे नाव घेतले आहे, पण १६८६ पर्यंत आदिलशाहीची राजधानी असलेल्या त्या शहराचा मागमूसही कथेत नाही. इतिहास पुसून टाकलेल्या जागेत एक काल्पनिक राजा बसवला की त्याच्या वंशजांना जाब विचारायला कोणी उरत नाही. सातबाऱ्यावर मालकाचे नाव ठळक. इतर हक्कांचा रकाना कोरा.

आता शापाचा भार कोणावर पडतो ते पाहावे. शाप राजाच्या घराण्याला, मरण मात्र घराण्यातील स्त्रियांना. चित्रपट १९८४ चा आहे. त्या काळी मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीवर जन्माने हक्क मिळे तो मुलाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारसा दिला, पण जन्मसिद्ध सहदायाद केले नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक ह्या राज्यांनी ती दुरुस्ती १९९४ मध्ये केली. केंद्राच्या कायद्यात ती यायला २००५ उजाडले. म्हणजे ज्या वर्षी प्रेक्षक ‘पुराना मंदिर’ला गर्दी करीत होते, त्या वर्षी सुमनसारख्या मुलीला हवेलीत जन्माने वाटा नव्हता, शापात मात्र पुरेपूर होता. एका ओळीत एवढे भेदक सामाजिक सत्य सांगण्याची संधी पटकथेच्या हातात होती. पटकथेने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. प्रसूतीतील मरण हा तिने केवळ अंगावर शहारा आणण्याचा उपाय मानला.

ह्या बाबतीत अडाणी म्हणून हिणवली गेलेली लोकश्रद्धा चित्रपटापेक्षा अधिक न्यायी आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत समजूत अशी, की बाळंतपणात मेलेली बाई हडळ किंवा अलवंतीण होते. ही समजूत क्रूर आहे, तिने जिवंत बायकांनाही छळले आहे, हे खरेच. पण मेलेल्या बाईचे काही म्हणणे शिल्लक राहते एवढे तरी ती मान्य करते. त्या बाईला पुन्हा येण्याचा अधिकार आहे. ‘पुराना मंदिर’च्या कथेप्रमाणे दोनशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया प्रसूतीत मेल्या; त्यांपैकी एकही हिशेब मागायला परत येत नाही. परत येतो तो पुरुष, आणि त्याला मारतो तोही पुरुष. भुतांच्या राज्यातसुद्धा बाईला आवाज नाही.

पूर्वजांचे देणे वंशजांनी कुठवर फेडावे, ह्या प्रश्नाचा विचार आपल्या परंपरेने केलेला नाही असेही नाही. धर्मशास्त्राने बापाचे ऋण फेडण्याचे कर्तव्य मुलावर टाकले. पण मद्य, द्यूत आणि विषयलोलुपता ह्यांसाठी काढलेले ऋण मुलाने फेडण्याचे कारण नाही, असा अपवादही केला. ह्या तरतुदीच्या मागे एक सूक्ष्म विवेक आहे : वारसा म्हणजे गाठोडे नव्हे, ते उघडून त्यातले काय घ्यायचे आणि काय नाकारायचे हे ठरवावे लागते. चित्रपटातील तरुणांपुढे हा प्रश्न कधीच उभा राहत नाही. त्यांना शाप नको आहे. हवेली नको असे मात्र कोणी म्हणत नाही.

लोकरंजनाकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा प्रतिवाद होईल. तो टिकत नाही. रवीन्द्रनाथांच्या ‘संपत्ति-समर्पण’ ह्या कथेतील कृपण म्हातारा धनाच्या रक्षणासाठी एका पोराला यक्ष करून जिवंत गाडतो, आणि तो पोर त्याचाच नातू असल्याचे त्याला नंतर कळते. ही कथा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील आहे; तिला खर्च कागद-शाईचाच आला असेल. वारसा जपण्याच्या हव्यासाने वारसच गिळला जातो, हे सत्य ती काही पानांत सांगते. साहित्याचे दाखले चित्रपटाला लावू नयेत, असे कोणी म्हणेल तर ‘तुंबाड’ (२०१८) समोर आहे. राही अनिल बर्वे ह्यांच्या ह्या हिंदी चित्रपटाने मराठी भयकथाकार नारायण धारप ह्यांच्या लेखनातून प्रेरणा घेतली आणि नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’चे घेतले. १९१८ ते १९४७ ह्या काळात घडणाऱ्या ह्या कथेत हस्तर भयंकर आहे. पण त्याच्याकडे पुनःपुन्हा जातो तो माणूस, आणि आपल्या मुलाला त्याच वाटेवर नेतो तोही माणूसच. अखेरीस बापाने पुढे केलेला वारसा मुलगा नाकारतो. भयपट ह्या प्रकाराच्या मर्यादा न ओलांडता हे करता येते, ह्याचा दुसरा पुरावा कशाला हवा?

विवेकवादी मंडळींचा आक्षेप वेगळा असतो. असे चित्रपट अंधश्रद्धा पसरवतात, असे ते म्हणतात. अंधश्रद्धेच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला, तो योग्यच झाला. परंतु पडद्यावरचे भूत पाहून घरी परतलेला प्रेक्षक भुतावर विश्वास ठेवू लागतो, हे मानणे म्हणजे प्रेक्षकाला मूर्ख समजणे होय. त्याला मुखवटा दिसत असतो. दिसत नाही ती दुसरी अंधश्रद्धा, जी चित्रपट शब्दाशिवाय त्याच्या गळी उतरवतो : आपले पूर्वज निष्कलंक होते, संकट नेहमी बाहेरून आले, आणि त्या परक्याला जाळले की घर पुन्हा शुद्ध होते. ही समजूत कोणत्याही कायद्याने दंडनीय नाही. समाजाचे नुकसान मात्र हडळीपेक्षा तिने अधिक केले आहे.

म्हणून आजच्या कौतुककर्त्यांनाही एक सांगणे आहे. रामसेंचे चित्रपट जतन व्हावेत, विद्यापीठांतून अभ्यासले जावेत, ग्रंथालयांनी त्यांच्याविषयीचे साहित्य जपावे, ह्याला आमचा पाठिंबा आहे. एका मोठ्या प्रेक्षकवर्गाची भीती त्यांत नोंदवलेली आहे आणि भीती हा समाजाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज असतो. पण दस्तऐवज वाचायचा तर सगळे रकाने वाचावे लागतात. सामरीचे शीर कुठे ठेवले हे ‘पुराना मंदिर’ तपशीलवार सांगतो; प्रसूतीत मेलेल्या बायकांची नावे तो सांगत नाही. ज्या समीक्षेला मुखवट्याचे रबर दिसले आणि ही अनुपस्थिती दिसली नाही, तिने त्या हवेलीत पाऊल टाकलेलेच नाही.