गोंदण, टॅटू आणि आपली नजर

या सदरातून आपण रक्तदाब, मधुमेह, मुलांचे लसीकरण अशा विषयांवर बोलत असतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. तो अर्धा त्वचेचा आहे आणि अर्धा मनाचा. त्यातले मनच जास्त आजारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या अंगावर टॅटू दिसू लागले आहेत. कुणाच्या मनगटावर ‘आई’, कुणाच्या दंडावर त्रिशूळ, कुणाच्या मानेमागे इवलेसे फुलपाखरू. कुणी तो जत्रेत थोडक्या पैशांत काढून घेतो, कुणी शहरात जाऊन हजारो रुपये मोजतो. मुलाला घेऊन आलेले वडील तापाविषयी सांगण्याआधी त्याच्या हाताकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, “बघा डॉक्टर, याचे हे असले उद्योग!” बाकावरची मंडळी एकमेकांकडे पाहतात. मुलगा मुकाट्याने बाही खाली ओढतो. त्याच बाकावर एखादी सत्तरीची आजी बसलेली असते. तिच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर हिरवे गोंदण असते. तिच्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही.

वाचकहो, डॉक्टर म्हणून मी सांगू शकतो की त्या दोघांच्या कातडीत जे आहे ते जवळजवळ एकच आहे. फरक आहे तो पाहणाऱ्याच्या नजरेत.

सुईखाली काय होते?

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि साधारण महिना-दीड महिन्यात नवा येतो. रंग त्या थरात राहिला असता तर मेंदीसारखा निघून गेला असता. गोंदणाची सुई रंग त्याखालच्या थरात नेऊन ठेवते. शरीराला तो परका पदार्थ वाटतो, म्हणून आपल्या संरक्षक पेशी धावून येतात आणि रंगाचे कण गिळतात. पण त्यांना ते पचवता येत नाहीत. मग त्या कण पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २०१८ साली उंदरांवरील अभ्यासातून दाखवून दिले की अशी एखादी पेशी मेली तर तिच्यातून सांडलेला रंग शेजारची नवी पेशी गिळते. म्हणूनच चित्र वर्षानुवर्षे जागच्या जागी राहते.

आजीच्या गोंदणात दिव्याची काजळी आणि पाल्याचा रस असे. नातवाच्या टॅटूतली काळी शाईही बहुधा काजळीचीच चुलत बहीण. दोन्हींत मुख्य पदार्थ कार्बन. आजीचे गोंदण हिरवे दिसते ते रंग हिरवा होता म्हणून नव्हे. काळा रंग त्वचेच्या थराआडून पाहिला की डोळ्याला निळसर-हिरवा भासतो.

ही कला आजकालची नाही, तशी ती परदेशातून आलेलीही नाही. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात गोठलेला एक माणूस सापडला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ कमरेवर, गुडघ्याजवळ, घोट्याजवळ, म्हणजे जिथे सांधे दुखतात तिथे आहेत. दुखण्यावरचा उपाय म्हणून त्या केल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे तर गोंदण हा बाईचा न उतरणारा दागिना. सोने-नाणे चोर नेतो, मेल्यावर नातेवाईक उतरवून घेतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे आपल्या आज्या-पणज्या सांगत. हातावर तुळस असे, कपाळावर ठिपके असत, कुठे विंचू तर कुठे मोर.

एकच खूण, तीन निवाडे

आता गंमत पाहा. आजीचे गोंदण म्हणजे संस्कृती, नातवाचा टॅटू म्हणजे उनाडपणा. तीच आजी शहरात नातीच्या लग्नाला जाते तेव्हा फोटोच्या वेळी पदर पुढे ओढून बसते, कारण तिथे तिचे गोंदण अडाणीपणाचे लक्षण ठरते. आणि पालावर राहणारी एखादी भटक्या जमातीची बाई तसेच गोंदण घेऊन बाजारात आली, तर दुकानदार गल्ल्याकडे सरकतो. खूण एकच, निवाडे तीन. यात त्वचेचा काय दोष?

असे निवाडे करण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. इंग्रजी अमलात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जात असे. ती शिक्षा १८४९ साली बंद झाली. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जन्मावरूनच माणूस चोर ठरू लागला. तो कायदा १९५२ साली देशातून गेला, परंतु मनातून गेला का? डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसरमध्ये पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ म्हणजे खिसेकापू असा शब्द गोंदवला. त्या पोलिसांना न्यायालयाने दोषी ठरवले ते २०१६ साली. तेवीस वर्षे गेली. कपाळावर लिहिणारे हात पोलिसांचे होते, पण कपाळ वाचून माणूस ठरवण्याची सवय आपल्या सर्वांची आहे.

याच्या उलटही एक उदाहरण आहे. छत्तीसगडमध्ये रामनामी नावाचा समाज आहे. अस्पृश्य मानून त्यांना देवळात येऊ दिले जात नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी देवळाचा नाद सोडला आणि आपल्या अंगावरच रामाचे नाव गोंदवून घेतले, काहींनी तर डोक्यापासून पायापर्यंत. ज्यांचे अंग विटाळाचे मानले गेले, त्यांनी ते अंगच देऊळ केले. अशा माणसाला केवळ ‘अंग रंगवलेला’ म्हणणे म्हणजे त्याची सारी हकीकत न वाचताच पुस्तक मिटणे होय.

आम्ही डॉक्टर मंडळीही गोंदतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कर्करोगावर किरणोपचार देताना रोज किरण नेमके त्याच जागी पडावेत म्हणून अनेक ठिकाणी रुग्णाच्या त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे कायमचे ठिपके गोंदतात. कोडाचा डाग वाढायचा थांबला असेल आणि तो ओठासारख्या जागी असेल, तर त्यात त्वचेच्या रंगाचे गोंदण करता येते. कोड हा संसर्गजन्य नाही, त्याने जिवाला अपाय नाही. तरी माणसे तो झाकण्यासाठी सुई सोसतात. का? तर लोकांच्या नजरेसाठी. कातडी पाहून माणूस ठरवणाऱ्या याच नजरेसाठी.

नजरेने होणारा आजार

कुणी म्हणेल, लोकांचे मत लोकांपाशी, डॉक्टरांनी त्यात का पडावे? मी पडतो, कारण या मताने माझे रुग्ण आजारी पडतात.

एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला तो जत्रेत टॅटू काढून घेतल्यानंतर सहाव्या दिवशी. दंड सुजून लाल, आत पू, काखेत गाठ आणि अंगात १०३ ताप. सहा दिवस ऐन उन्हाळ्यात तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून घरात वावरत होता. “पप्पांना कळलं असतं तर घराबाहेर काढलं असतं,” असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला असता तर मलमपट्टी आणि गोळ्यांवर भागले असते. आता त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याला जंतूंनी आजारी केले हे खरे, पण उशीर केला तो भीतीने.

दुसरी एक मुलगी. लग्न ठरले होते, पंधरा-वीस दिवस उरले होते. सासरच्या कुणीतरी मनगटावरचे नाव पाहून नाक मुरडले. खरे तर ते नाव तिच्या वारलेल्या भावाचे होते. ते विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने त्यावर चुना लावला. नाव गेले नाहीच, वर रुपयाएवढी भाजल्याची जखम झाली. तिचा व्रण जन्मभर राहील. चुना, आम्ल, मीठ घासणे असले उपाय कृपा करून करू नका. लेझरने टॅटू फिका करता येतो, पण त्याला अनेक बैठका लागतात, दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते आणि काढण्याचा खर्च गोंदवण्याच्या खर्चाहून पुष्कळ जास्त येतो. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा-पिवळा चिवट असतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर पांढरट डाग राहू शकतो.

आमच्या व्यवसायातही ही नजर आहेच. “टॅटू काढताना दुखलं नाही, आणि आता इंजेक्शनला रडतोस होय?” हा विनोद मी कितीदा तरी ऐकला आहे. असा टोमणा ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी खरे सांगत नाही. आणि रुग्णाने लपवलेली गोष्ट डॉक्टरला तपासता येत नाही.

काळजी जरूर करा

याचा अर्थ मी टॅटूची भलामण करतो आहे असे समजू नये. आईबापांची काळजी खरी आहे. सतराव्या वर्षी आवडलेले नाव सत्ताविसाव्या वर्षी आवडेलच असे नाही. म्हणून अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि त्यानंतरही सहा महिने विचार करावा, असे मी मुलांना सांगतो. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी तर आधी नियम वाचावेत. सैन्यात साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर टॅटू चालतो, इतरत्र चालत नाही. परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी उमेदवारांना सवलत आहे. दंडावरच्या चित्रापायी धावण्यात पहिला आलेला मुलगा परत येऊ नये.

खरा धोका चित्राचा नाही, सुईचा आहे. जुन्या काळी गोंदणारीण एकाच सुईने अख्खी आळी गोंदायची, म्हणून जुने ते सारे निर्धोक असेही मानू नये. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. ‘क’ प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही यांचाही दूषित सुईतून संसर्ग होऊ शकतो. म्हणून सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली का, शाई प्रत्येकासाठी वेगळ्या छोट्या वाटीत ओतली का, हातमोजे नवे घातले का, हे पाहिलेच पाहिजे. जत्रेत हे पाळले जात नसेल तर तिथून सरळ उठून यावे.

गोंदवण्याआधी धनुर्वाताचे इंजेक्शन आणि ‘ब’ काविळीची लस झालेली असावी. या लसीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. आज पंचविशी ओलांडलेल्या अनेकांना ती बालपणी मिळालेली नाही. ‘क’ काविळीवर लस नाही. मधुमेह ताब्यात नसणाऱ्यांनी आणि जखमेचे जाड, उंच व्रण होणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. सुईविषयी शंका असेल तर रक्त तपासून घ्यावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. जिल्हा रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. टॅटू असलेल्याला रक्तदान कधीच करता येत नाही, हाही गैरसमज आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे गोंदवल्यापासून बारा महिने थांबावे, नंतर बाकी निकष जुळत असतील तर खुशाल रक्त द्यावे. ते रक्त ज्याला चढेल, तो दात्याच्या दंडावर काय काढले होते हे विचारणार नाही.

तेव्हा पालकांना, सासूसासऱ्यांना आणि माझ्या डॉक्टर-परिचारिका बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे. घरातल्या मुलाने गोंदवून घेतले असेल तर पहिला प्रश्न “लोक काय म्हणतील?” हा नसावा. “सुई नवी होती ना? दुखतंय का? दाखव बघू,” असे विचारावे. ज्या घरात असे विचारले जाते, तिथला मुलगा सहा दिवस ताप अंगावर काढत नाही.